नवीन दुकान, पाठीवर सॅक घेतलेली गिऱ्हाइकं: बॅग ठेवून घ्यायची का, आणि घेतली तर कशी?

गोकुळपेठवाला

नमस्कार मंडळी. नागपूरच्या गोकुळपेठेत स्टेशनरी, पुस्तकं आणि गिफ्ट असं दुकान टाकून राहिलो. जागा ९०० चौरस फूट, दार एकच, गल्ला दाराला लागून. माल रॅकवर मांडलेला राहील, गिऱ्हाइकानं आपल्या हातानं घ्यायचा. आजूबाजूला क्लासेस आहेत, त्यामुळे संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात निम्म्याहून जास्त पोरंपोरी सॅकवालीच असतील. शिवाय शंकरनगर आणि एलएडी चौक मेट्रो स्टेशनवरून पायी येणारे लॅपटॉपवाले, औषध कंपन्यांचे एमआर लोक, आणि हेल्मेट हातात धरून येणारे.

होलसेलवाले आणि शेजारचे दुकानदार एकच सांगतात, की बॅग आत येऊच देऊ नको. मला ते सरसकट पटत नाही, पण शॉर्टेज, म्हणजे मोजणीत माल कमी भरणं, तेही परवडणार नाही. म्हणून विचारतो. एवढ्या दुकानाला टोकनचं काउंटर हवं का, हवं तर किती कप्प्यांचं? ठेवलेल्या बॅगेतून काही गेलं तर 'सामान मालकाच्या जबाबदारीवर' असा बोर्ड कामी येतो का? माझा माणूस गिऱ्हाइकाची बॅग उघडून पाहू शकतो का, आणि खरंच कुणी माल टाकताना दिसलं तर काय करायचं? दारात बीप वाजणारं गेट लावण्यात अर्थ आहे का? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी सविस्तर सांगा.

काउंटर_ते_गोदाम

भाऊ, बॅग ठेवून घ्यायची की नाही हे चोरीच्या भीतीवर ठरवू नका. आधी जागेचा आणि माणसाचा हिशेब मांडा.

गर्दीच्या तासात सॅकवाले किती येतील, त्याला एक जण आत किती वेळ थांबतो त्यानं गुणायचं. तासाला ६० सॅक आणि सरासरी २० मिनिटं धरली तर एका वेळी २० सॅक तुमच्या ताब्यात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हाच्या वह्या-पुस्तकांच्या गर्दीसाठी दीडपट धरा, म्हणजे ३० कप्पे. कॉलेजची ३० लिटरची भरलेली सॅक उभी १९-२० इंच भरते, म्हणून कप्पा २१ इंच उंच, १४ इंच रुंद आणि १४ इंच खोल लागतो. तीन ओळी, दर ओळीत दहा कप्पे म्हटलं की पावणेबारा फूट भिंत गेली. तीही दाराजवळची, जिथला माल सगळ्यात जास्त उचलला जातो. वर तीन तास फक्त बॅगा देणं-घेणं करणारा एक माणूस. तो बिलिंगवरचाच असला तर दोन्ही कामं बिघडतात: बिलाची रांग लागली की बॅगांकडे पाठ, आणि बॅगांची रांग लागली की गल्ल्यावर चूक.

९०० फुटांच्या दुकानाला हे झेपत नाही. माझं स्पष्ट मत असं, की सॅक आत येऊ द्या, पाठीवरून पुढे घ्यायला सांगा, आणि दुकान त्या हिशेबानं मांडा. दाराजवळ ८-१० कप्पे ठेवा, ज्याला ओझं नको असेल त्याच्यासाठी. सक्ती फक्त मोठ्या प्रवासी बॅगांना आणि ट्रॉलीला.

पाठीवरची भरलेली सॅक माणसाच्या मागे ८ ते १० इंच बाहेर येते आणि ते त्याला दिसत नाही. दोन रॅकमधली वाट अडीच फुटांची असेल तर वळताना सॅक घासतेच, आणि साडेतीन ते साडेचार फूट उंचीवरचा माल खाली येतो. म्हणून वाट किमान साडेतीन फूट, जमल्यास चार. काचेच्या आणि चिनीमातीच्या गिफ्ट वस्तू त्या उंचीवर उघड्या मांडू नका, शोकेसमध्ये घाला. सॅक पुढे घ्यायला सांगायचं खरं कारणही हेच आहे, आणि गिऱ्हाइकाला तेच सांगा: 'वाट अरुंद आहे, सॅक पुढे घेता का?' यात कुणाचा अपमान होत नाही. सॅक पुढे असली की चेन आणि बाजूचे बाटलीचे खिसे तुमच्या माणसाला आपोआप दिसतात. पेन, खोडरबर, छोटे मार्कर असल्या वस्तू चेन उघडून कोणी टाकत नाही, त्या बाजूच्या उघड्या खिशातच जातात.

मधले रॅक साडेचार फुटांहून उंच नकोत, म्हणजे गल्ल्यावरून डोकी आणि खांदे दिसत राहतात. मागच्या कोपऱ्यात १८ किंवा २४ इंची बहिर्वक्र आरसा लावा. सायंटिफिक कॅल्क्युलेटर, धातूची पेनं, पेन ड्राइव्ह, इअरफोन, महागडे रंगांचे सेट हे सगळं गल्ल्यामागे ठेवा. रॅकवर त्यांचे रिकामे खोके मांडले तरी विक्री होते. कॅमेरे सगळे छताला लावले की टोप्या आणि स्कार्फच दिसतात, त्यामुळे एक कॅमेरा दाराजवळ चेहऱ्याच्या उंचीवर, साधारण साडेपाच फुटांवर, आत येणाऱ्याकडे तोंड करून.

शॉर्टेज निघालं की पहिलं बोट सॅककडे जातं. त्याआधी तीन गोष्टी बघा. माल उतरवताना चलनाप्रमाणे नग मोजले का? की खोक्यावरचा आकडा पाहून सही केली? बारकोड नसलेल्या मालाचं बिल भलत्याच कोडवर होतं का, म्हणजे २० चं पेन १० च्या कोडवर? आणि फुटका, शाई वाळलेला, उंदरानं कुरतडलेला माल लिहून बाजूला काढता का? दर सोमवारी २० निवडक वस्तू मोजा आणि कॉम्प्युटरमधल्या आकड्याशी ताळा करा. वर्षाअखेरच्या मोजणीत फक्त बेरीज कळते. आठवड्याच्या मोजणीत कुठल्या रॅकवरून, कुठल्या दिवसांत माल जातो ते कळतं, आणि मग रॅक हलवायचा की माणूस, ते ठरवता येतं.

आता ते ८-१० कप्पे चालवायचे कसे. एका नंबरचे दोन टोकन असतात, एक बॅगेच्या पट्ट्याला रबरानं अडकवायचा, दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात. बरेच जण एकच टोकन करतात आणि कप्प्याच्या नंबरवर भरवसा ठेवतात. तिथंच काळ्या लॅपटॉप बॅगांची अदलाबदल होते, कारण घाईत बॅग शेजारच्या कप्प्यात जाते. टोकन ॲक्रिलिकचे, ३ मिलिमीटर जाड, नंबर कोरलेला. कागदी चिठ्ठी उन्हाळ्यात घामानं आणि पावसाळ्यात ओल्या हातानं पुसली जाते. ६ आणि ९ च्या खाली रेघ हवीच. देताना दोन्ही टोकन एकमेकांशेजारी धरून नंबर जुळवायचा, मगच बॅग. परत आलेले टोकन लगेच खिळ्यावर, काउंटरवर पडू द्यायचे नाहीत.

टोकन हरवलं तर बॅग अडवून धरू नका. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला उघडण्याआधी सांगू द्या, मग त्यानंच उघडावी, तुम्ही फक्त बघा. नाव, मोबाइल, ओळखपत्राचा प्रकार, वेळ आणि सही रजिस्टरमध्ये. टोकनचा खर्च घ्यायचा असेल तर तो तेवढाच घ्या, आणि रक्कम आधीपासून बोर्डवर लिहिलेली हवी. रात्री शटर ओढण्याआधी टोकन मोजायचे. एखादी बॅग राहिली तर उघडायची नाही, दोघांनी मिळून नोंद करायची आणि कॅमेऱ्यासमोर कुलपात ठेवायची. संशयास्पद वाटली तर हात न लावता ११२.

हेल्मेटला वेगळी १२ इंच उंचीची फळी द्या. पुढची काच खाली करून ठेवलेलं हेल्मेट खरचटतं आणि मग भांडण होतं. आणि कप्प्यांचा हा रॅक दुकानाच्या आत, सावलीत. बाहेरच्या पत्र्याखाली, पश्चिमेच्या उन्हात नको. मॅकबुकसाठी कंपनीनं साठवणीची मर्यादा ४५ अंश दिलेली आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पारा तिथवर जातो, नवतपात पत्र्याखाली तर विचारूच नका.

वकील_सिव्हिललाइन्स

बोर्डाचा आणि झडतीचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर देतो.

बॅग तुम्ही हातात घेतली, टोकन दिलं, की भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे तो निक्षेप झाला. वस्तू ठरावीक कामासाठी, काम संपल्यावर परत करायच्या अटीवर तुमच्या ताब्यात आली. कलम १५१ सांगतं की प्रत्येक निक्षेपात, म्हणजे फुकट ठेवून घेतलेल्या बॅगेतही, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यावीच लागते. कलम १५२ तुमच्या बाजूचं आहे: तेवढी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर वेगळा करार नसल्यास तुम्ही जबाबदार नाही. पण काळजी घेतली हे दाखवायचं कशानं? टोकनची जोडी, रजिस्टर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, काउंटरवर सतत माणूस. वरच्या उत्तरात सांगितलेली शिस्त इथं पुरावा म्हणून उभी राहते.

'मालकाच्या जबाबदारीवर' हा बोर्ड तुमचा निष्काळजीपणा झाकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात हेच सांगितलं. तिथं विषय हॉटेलच्या माणसाकडे चावी देऊन उभ्या केलेल्या गाडीच्या चोरीचा होता, आणि पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' छापलेलं होतं. गाडी ताब्यात घेतली होती, ती परत देता आली नाही, तर निष्काळजीपणा नव्हता हे हॉटेलनं दाखवायचं, असं न्यायालय म्हणालं. बॅगेला तेच तत्त्व लागतं. कुलपाच्या छोट्या पेट्या लावल्या आणि चावी गिऱ्हाइकाकडेच राहिली, तर तुम्ही ताबा घेतला असं म्हणणं अवघड होतं. त्यामुळे जबाबदारी हलकी करायची असेल तर बोर्डपेक्षा पेट्या बऱ्या.

गिऱ्हाइकांसाठीही एक सूचना. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पूर्णपणे फुकट दिलेली सेवा 'सेवा' धरली जात नाही. म्हणून खरेदीचं बिल जपून ठेवा. बिल असलं की बॅग सांभाळणं हा खरेदीचाच भाग होता असं म्हणता येतं. काहीच न घेता बाहेर आलात तर ग्राहक आयोगापुढची बाजू कमजोर पडते, दिवाणी दावा मात्र करता येतो. बॅगेत काय होतं ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर आहे, तेव्हा लॅपटॉप ठेवताना 'यात लॅपटॉप आहे' असं सांगून नोंद करवून घ्या, आणि त्याचा सिरियल नंबर घरी लिहिलेला असू द्या. तक्रारीसाठी आधी दुकानाला लेखी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा आयोग. मुदत दोन वर्षं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते.

आता झडती. दुकान खासगी जागा आहे, त्यामुळे 'मोठी बॅग बाहेर ठेवून या' अशी प्रवेशाची अट तुम्ही घालू शकता. पण संविधानाच्या कलम १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून दुकानात येण्यावर कुणालाही अट किंवा बंदी घालता येत नाही. फाटक्या थैलीवाल्याला अडवायचं आणि ब्रँडेड सॅकवाल्याला सोडायचं, हे तुमच्या गेटवर रोज होत असेल तर ती अट या कलमाच्या उंबरठ्यावर उभी आहे. नियम बॅगेच्या मापावर ठेवा, माणसावर नाही.

बॅग उघडून बघण्याचा अधिकार गार्डला नाही. तो विनंती करू शकतो, गिऱ्हाईक नाही म्हणू शकतं. एजन्सीचा गार्ड घेणार असाल तर एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे ना ते बघा, पण त्या परवान्यानं गार्ड पोलीस होत नाही. 'वाटतंय' म्हणून वाट अडवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, खोलीत बसवून ठेवलं तर कलम १२७. खासगी माणसाला पकडायचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडला असेल तरच, आणि विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करायचं. 'दहापट भर नाहीतर घरी सांगतो' हा प्रकार दुकानदाराला खंडणीच्या कलमात, म्हणजे ३०८ मध्ये नेऊ शकतो. फोटो काढून काउंटरवर 'चोर' म्हणून चिकटवणं बदनामीत जातं.

तुमच्याकडे येणारी बरीच मुलं १८ च्या आतली असतील. तिथं आणखी जपा: माल परत घ्या, पालकांना बोलवा, मुलाला एकट्याला मागच्या खोलीत नेऊ नका. पोलिसांकडे गेलंच तर प्रकरण बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे चालतं.

सॅकवाली

कायदा झाला, आता सॅक ज्याच्या पाठीवर आहे त्याच्या बाजूचं.

माप ठरवा म्हटलं ते अगदी बरोबर, कारण आज बहुतेक दुकानांत १५ लिटरची सॅक बाहेर आणि तिच्यापेक्षा मोठी खांद्यावरची पर्स आत, असं चालतं. गार्डला बॅगेचा आकार बघायला सांगा, ती पाठीवर आहे की खांद्यावर हे नाही. प्लायवुडची एक चौकट करून दारात ठेवा, कॉलेजची भरलेली सॅक बसेल एवढी. तिच्यात बसली ती आत, नाही बसली ती काउंटरवर. वाद तिथंच संपतो.

बॅग ठेवून घ्यायच्या आधी एक मिनिट द्या. पाकीट, मोबाइल, चष्मा, औषधं, पॅड काढून घ्यायचे असतात, आणि ते मागच्या रांगेसमोर, पुरुष गार्डच्या नजरेखाली काढणं कठीण जातं. काउंटरच्या एका टोकाला कमरेइतक्या उंचीचा आडोसा आणि एक छोटी कापडी थैली हातात दिली तरी पुरे. इन्सुलिन, इनहेलर, बाळाच्या दुधाची आणि डायपरची बॅग, अपंग व्यक्तीचं साहित्य: यांना कधीच बाहेर ठेवायला लावू नका, चौकशीही नको.

डिकीत ठेवा असं सांगू नका. मेट्रोनं किंवा शहराच्या 'आपली बस'नं येणाऱ्याकडे डिकी नसते. रेल्वे स्टेशनचं क्लोकरूमही यावर उपाय नाही, तिथं प्रवासाचं तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे सगळेच तोंडाला स्कार्फ गुंडाळून येतात. दारात मुलींना स्कार्फ सोडायला लावण्यापेक्षा आत पंखा आणि माठातलं गार पाणी ठेवा, स्कार्फ आपोआप सुटतो. हेल्मेट काढायला मात्र सगळ्यांनाच सांगा.

आणि रिकामी कापडी पिशवी आत नेऊ द्या. २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्या बंद आहेत, म्हणून लोक घरून पिशवी आणतात. ती दारात ठेवून घ्यायची आणि गल्ल्यावर कागदी पिशवीचे पैसे लावायचे हे बरोबर नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या साखळी दुकानाविरुद्धच्या निकालात, आधी न सांगता गल्ल्यावर पिशवीचे पैसे आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

गोकुळपेठवाला

खूप उपयोगी पडून राहिलं हे सगळं. टोकनचं मोठं काउंटर रद्द, ८ कप्पे आणि चौकट करतो. एकच राहिलं: काही दुकानांत सॅकच्या चेनला प्लास्टिकची पट्टी बांधतात, ते करावं का? आणि गेटचं कुणी सांगितलं नाही.

गेट_आणि_टॅग

पट्टी म्हणजे केबल टाय. १०० मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर रुंद घ्या, चेनच्या दोन्ही रनरच्या, म्हणजे सरकणाऱ्या कड्यांच्या, भोकांतून घालून ओढायची. एकच रनर असलेल्या चेनला ती बांधता येत नाही, आणि लॅपटॉपच्या सॅकला चार-पाच कप्पे असतात, त्यामुळे मुख्य दोन बांधले तरी बाजूचे खिसे मोकळेच. बिल झालं की गल्ल्यावरच साइड कटरनं कापून द्यायची. कटर ऐवजी ब्लेड वापरलं की चेनचं कापड फाटतं आणि भरपाई तुम्हालाच द्यावी लागते. क्लासला निघालेल्या मुलाला बाहेर पडून पट्टी दातानं तोडावी लागली, तर पुढच्या वेळी तो तुमच्याकडे येत नाही. सॅक पुढे घ्यायचा नियम पाळला जात असेल तर पट्टीची गरज नाही. गर्दीच्या हंगामात, शाळा उघडतानाचे दोन आठवडे, वापरून बघायची तर बघा.

मालाला लावलेला टॅग निकामी न करता बाहेर नेला की गेट वाजतं. ही गेट दोन प्रकारची येतात: ८.२ मेगाहर्ट्झवर चालणारी आरएफ आणि ५८ किलोहर्ट्झवर चालणारी एएम. आरएफचा टॅग कागदासारखा चपटा, पुस्तकाच्या पानात लपतो, स्वस्त पडतो. पण दोन खांबांतलं अंतर कमी ठेवावं लागतं, चार फुटांपलीकडे पकड सैल होते, आणि लोखंडी शटर, धातूची चौकट, जवळची वायर यांमुळे खोटे बीप येतात. एएमला जास्त रुंद दार चालतं, धातूचा त्रास कमी होतो, टॅग जाडसर असतो. आपल्या इकडच्या बहुतेक दुकानांना गुंडाळणारं लोखंडी शटर असतं, तेव्हा आरएफ घ्यायचं असेल तर विकत घेण्याआधी विक्रेत्याला तुमच्या दारात, शटर वर गुंडाळलेलं असताना, चालवून दाखवायला लावा. पाच-दहा रुपयांच्या मालाला टॅग लावणं परवडत नाही. तुमच्याकडे महाग माल गल्ल्यामागे जाणारच आहे, मग टॅग लावायला उरतात पुस्तकं आणि मधल्या किमतीची गिफ्ट. पहिलं वर्ष गेटशिवाय काढा, आठवड्याची मोजणी करा, आणि पुस्तकांत खरंच घट दिसली तर विचार करा.

गेट घेतलंच, तर बीप वाजल्यावर काय करायचं हे माणसाला शिकवणं गेटपेक्षा महत्त्वाचं. बीप म्हणजे जिवंत टॅग जवळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो टॅग तुमच्याच गल्ल्यावर निकामी करायचा राहिलेला असतो, किंवा दुसऱ्या दुकानातल्या शर्टाच्या शिवणीत, बुटाच्या आत, सॅकमधल्या जुन्या पुस्तकात असतो. गार्डनं 'थांबा' असं ओरडायचं नाही, गिऱ्हाइकाकडे चालत जायचं आणि म्हणायचं, 'आमच्याकडून टॅग काढायचा राहिला असेल, बिल दाखवता का?' बिल आणि हातातला माल आधी जुळवायचा. जुळला तर माल टॅग निकामी करणाऱ्या पॅडवर परत फिरवायचा. तरी वाजतंय, तर गिऱ्हाइकाला विचारून सॅक एकटी गेटमधून न्या, मग माणूस एकटा जाऊ द्या, म्हणजे टॅग कशात आहे ते कळतं. सॅकमध्ये असेल तर उघडायची त्यानंच, चेनला तुमच्या माणसाचा हात लागायचा नाही. बाईची बॅग असेल तर समोर बाईच हवी. जुना टॅग सापडला तर तो तिथंच निकामी करून द्या, नाहीतर दर दुकानात त्याची हीच अडचण होते.

ज्या बॅगेला आतून चकचकीत चांदीसारखा पडदा असतो, ती टॅगची लहर अडवते, आरएफची तर सहज. पण जेवणाचा डबा गरम ठेवायच्या साध्या पिशव्याही तशाच असतात. अशी पिशवी दिसली म्हणून संशय घ्यायचा नाही, काउंटरवर ठेवायची विनंती करायची, बस.

बाहेर पडताना बिल बघायचं असेल तर सगळ्यांचं बघा, नाहीतर कुणाचंच नको. बिलावरचे नग आणि हातातले नग मोजायचे, बिलाला पंच मारायचा, दहा सेकंदांत माणूस बाहेर. दारात रांग लागत असेल तर एका माणसाला हे काम जास्त होतंय, तेवढा वेळ पंच बंद ठेवून गल्ल्यावरच मोजून पिशवीत भरा.

काउंटर_ते_गोदाम

बोर्डाचा मजकूर देतो, वरच्या सगळ्यांचं धरून:

'सॅक आत आणू शकता, फक्त पाठीवरून पुढे घ्या. चौकटीत न बसणारी बॅग आणि हेल्मेट टोकन घेऊन काउंटरवर ठेवा. लॅपटॉप, पैसे, औषधं स्वतःजवळ ठेवा. रिकामी कापडी पिशवी आत चालेल. बाहेर पडताना बिल दाखवा. आम्ही तुमच्या बॅगेत हात घालत नाही. टोकन हरवल्यास गल्ल्यावर सांगा. नियम सर्वांसाठी सारखा.'

मराठी वर, हिंदी खाली, अक्षर किमान एक इंच. लावायचा दाराबाहेर, डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे आत येण्याआधी वाचता येतो. फ्लेक्स नको, आपल्या उन्हात दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत लाल आणि पिवळा रंग उडून जातो. ॲक्रिलिकवर अक्षरं कापून घ्या. आणि गल्ल्यावरच्या माणसाला हाच मजकूर पाठ करायला लावा, कारण संध्याकाळच्या गर्दीत बोर्ड कुणी वाचत नाही, सगळे त्यालाच विचारतात.